बिडकर सरांच्या कपड्यांना येणारा वास

मी आज जो काही आहे तो वामनराव बिडकर यांच्यामुळे आहे. हे वाक्य मी चारचौघांत पुष्कळदा बोललो, तुमच्यासमोर मात्र कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, "गावंडे, वजन करून सांग, अंदाजे बोलू नको." आता तुम्ही नाही, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं.

सर, तुमच्या तेराव्याला मी अकोल्याला आलो होतो. जुन्या शहरात, वहिनींच्या माहेरच्या ज्या घरात तुम्ही शेवटचे महिने काढलेत, तिथेच पंगत होती. अमरावतीच्या तुमच्या स्वतःच्या घरात आजारपणात तुम्हाला जागा झाली नाही. तेराव्यासाठी मात्र तुमचे थोरले बंधू अण्णासाहेब आदल्या दिवशीच हजर झाले. सगळे विधी त्यांनी जातीनं केले. घराणं भिक्षुकीचं, मंत्र चोख. मग पंगत बसली आणि माझ्या समोरचे एक वकील त्यांना हलक्या आवाजात म्हणाले, "एवढा हुशार माणूस. पण तिकडे खाणीकडची सोबतच तशी असते म्हणतात."

"सोबत कशाला पाहिजे?" अण्णासाहेब म्हणाले. "ज्याला लागायची त्याला लागते. दिवाळीला आला होता तेव्हा मी स्वतः वास घेतलाय. कोट काढून खुंटीला लावला, तर सगळी खोली घमघमली."

मला राहवलं नाही. "अण्णासाहेब, तो दारूचा वास नव्हता. सरांनी जन्मात थेंब घेतला नाही."

"मग काय अत्तराचा होता, गावंडे?"

लोक हसले. तुमच्या तेराव्याला, तुमच्या नावानं वाढलेल्या पानावर बसून लोक हसले. अण्णासाहेबांनी मठ्ठ्याचा भुरका मारला आणि म्हणाले, "तू त्याचाच माणूस. तू दुसरं काय सांगणार?"

मी पानावरून उठलो नाही. सुमन वाढत होती. बापाविषयी हे सगळं ऐकून ती पोरगी भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे गेली. मी उठलो असतो तर तिला आणखी एक तमाशा पाहावा लागला असता.

कॉलेजच्या अंकासाठी तुमच्याविषयी चार चांगले शब्द लिहून द्या, असं मला तिकडून कळवलं आहे. चार चांगले शब्द माझ्याजवळ आहेत. पण त्याआधी तो वास कसला होता हे अमरावती-अकोल्याच्या लोकांना सांगायचं आहे. तुम्हाला ते आवडणार नाही. तुम्ही मला मनाई केली होती, आणि त्याच मनाईवरून आपलं भांडण झालं, ते तसंच राहिलं. आता मला अडवायला तुम्ही नाही, याचा मी फायदा घेतो आहे.

अकोटच्या शाळेत आमचे शास्त्राचे मास्तर फळ्यावर चंचुपात्राचं चित्र काढायचे. खरं चंचुपात्र मी अमरावतीला, तुमच्या प्रयोगशाळेत पाहिलं आणि पहिल्याच आठवड्यात फोडलं. तुम्ही तिथे डेमॉन्स्ट्रेटर होता. मी काचा गोळा करत खाली बसलो होतो, घाबरून घाम फुटला होता. तुम्ही वाकून विचारलंत, "कुठला रे तू?"

"अकोटकडचा, सर."

"अकोटात काचा फार झाल्या वाटतं."

मुलं हसली. पण त्या दिवशी तास संपल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत आणि गाळणकागदाची घडी कशी घालायची, तराजूचं काचेचं दार का लावून घ्यायचं, वजन करताना श्वास कुठे सोडायचा, हे सगळं दाखवलंत. इंग्रजी लेबलं मला वाचता येत नव्हती. तुम्ही ती मोठ्यानं वाचायचात, जणू स्वतःसाठीच वाचता आहात. माझी लाज कुणाला दिसू नये म्हणून तुम्ही असं करत होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आमच्या घरात तोवर सहीपुढे कुणी गेलं नव्हतं.

एकदा माझे वडील मला भेटायला अमरावतीला आले, तुमच्याकडे तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. अण्णासाहेबांनी त्यांना ओसरीवरच बसवलं. जेवायची वेळ झाली तेव्हा आत दोन पानं मांडली गेली, तुमचं आणि अण्णासाहेबांचं. आमच्यासाठी बाहेर पत्रावळ आली. तुम्ही आपलं ताट उचलून बाहेर आलात आणि माझ्या वडिलांच्या शेजारी मांडी घालून बसलात. वडील एवढे गडबडले की भाकरी हातातच राहिली. जाताना तुम्हाला म्हणाले, "मास्तर, याले आता तुमीच पाहा. आमाले याच्यातलं काही समजत नाही." तुम्ही म्हणालात, "मलाही सगळं कुठे समजतं, पाटील." अण्णासाहेब पुढे किती दिवस तुमच्याशी बोलले नाहीत, ते मला माहीत आहे. त्यांनी तुमच्यावरचा राग बाटलीमुळे धरला, असं मी मानत नाही. राग आधीचा होता. बाटली त्यांना नंतर सापडली, तीही नसलेली.

मग तुम्ही कॉलेज सोडलंत. धनबादच्या बाजूला कोळसा धुण्याचा नवा कारखाना निघाला होता, तिथे चाचणीच्या प्रयोगशाळेला प्रमुख हवा होता. अमरावतीत तुमची थट्टा झाली. कोळसा धुऊन पांढरा होतो का, असं कॉलेजातले प्राध्यापकसुद्धा विचारायचे. मी तेव्हा बार्शीटाकळीच्या शाळेत मास्तर होतो. वर्ष-दीड वर्षानं तुम्ही मला बोलावून घेतलंत. वडील म्हणाले, "शायेतली नोकरी सोडून कोयशात काहून जातं बापा?" मी म्हटलं, सरांनी बोलावलं आहे.

कोळसा पांढरा होत नाही, हे खरं. पण तिकडच्या खाणीतल्या कोळशात दगड मिसळलेला असतो, आणि पोलादाच्या भट्टीला तो चालत नाही. कोळसा हलका, दगड जड. म्हणून मधल्या वजनाच्या पातळ द्रवात सगळं ओतलं की चांगला कोळसा तरंगतो आणि दगड बुडतो. कारखान्यात हे काम मोठमोठ्या यंत्रांनी चालायचं. आपल्या खोलीत तेच काम आपण काचेच्या भांड्यांत करायचो, पण फार काटेकोर. एका द्रवातून दुसऱ्या, जास्त जड द्रवात. प्रत्येक वेळी काय तरंगलं आणि काय बुडालं ते वेगळं काढायचं, वाळवायचं, तोलायचं, जाळून राख मोजायची. त्यावरून कळायचं की या कोळशातून चांगला माल जास्तीत जास्त किती निघू शकतो. मग कारखान्यानं प्रत्यक्षात किती काढला ते बघायचं. या दोन आकड्यांची तुलना म्हणजे कारखान्याची कार्यक्षमता. सगळा आपला पगार या एका तुलनेसाठी होता.

पहिल्या दिवशी मी झाऱ्यानं वरचा तरंगणारा कोळसा काढला आणि सरळ कचऱ्याच्या बादलीत टाकला. तुम्ही बघतच राहिलात.

"हे काय केलंस बे?"

"पोचट होतं, सर. वर आलं."

आमच्या घरी पेरणीआधी ज्वारीचं बी मिठाच्या पाण्यात टाकायचे. तरंगेल ते पोचट, फेकून द्यायचं. बुडेल ते बियाणं. हाताला तीच सवय होती. तुम्ही कपाळाला हात लावून हसलात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात आणि म्हणालात, "गावंडे, इथे वर येते ते ठेवायचं असते. हे एकच ठिकाण सापडलं मले असं." मग बादलीतून वेचून वेचून दोघांनी तो कोळसा परत काढला. त्या परमुलखात तुम्ही माझ्याशी आपली बोली बोलू लागलात, जी अमरावतीत तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता. माझ्यासाठी ती पदवीपेक्षा मोठी गोष्ट होती. हे सांगायचं राहूनच गेलं.

खिडक्या तेव्हा उघड्या होत्या, सर. हे मी मुद्दाम लिहितो. पहिली काही वर्षं खोलीच्या पूर्वेच्या दोन्ही खिडक्या दिवसभर उघड्या असायच्या, आणि महतो, आपला मदतनीस, खिडकीत बसून चणे खायचा.

त्या खिडक्या एका बैठकीमुळे बंद झाल्या. कारखान्याच्या मागे दगडाचा जो ढीग होता त्यावर रोज सकाळी आसपासच्या गावांतल्या बाया टोपल्या घेऊन यायच्या आणि चुलीसाठी कोळसा वेचून न्यायच्या. दगडाच्या ढिगात वेचण्यासारखा कोळसा सापडतो, म्हणजे यंत्रं चांगला माल फेकून देत होती. हे त्या बायांना दिसत होतं आणि तुमच्या आकड्यांतही दिसत होतं. तुम्ही ते बैठकीत मांडलंत. मी तुमच्या मागे कागद धरून उभा होतो. चीफ इंजिनिअर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्चीत मागे रेलून बसले आणि म्हणाले, "मास्टरजी, आप का तो कमरा खुला रहता है. हवा लगती है, आप का पानी उड जाता है, और फेल हमारी मशीन होती है?"

बैठकीत हशा झाला. तुमच्या तोंडावरचा रंग गेला, कारण बोलणं चुकीचं होतं तरी त्यात एक खरी गोष्ट होती. आपले द्रव साधं पाणी नव्हते. बारीक कोळशासाठी आपण कार्बन टेट्राक्लोराइड वापरायचो. आपण त्याला नुसतं टेट्रा म्हणायचो. त्यात कधी बेंझीन, कधी ब्रोमोफॉर्म मिसळायचं. सगळेच उडणारे द्रव, त्यात एक आधी उडतो, दुसरा मागे राहतो, आणि मिश्रणाचं वजन सरकतं. किती सरकतं, हे साहेबांना माहीत नव्हतं. पण त्यांनी शंका बोलून दाखवली, आणि तुम्हाला शंका सहन होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सुतार बोलावून दोन्ही खिडक्या ठोकून घेतल्यात. पंखा बंद. दार लोटलेलं. वर्षानुवर्षं. उन्हाळ्यात धनबादकडे काय ऊन असतं ते आपल्या अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. त्या बंद खोलीत तुम्ही भांड्यावर तोंड धरून उभे राहायचात, कारण तरंगणारे कण काठाला चिकटतात आणि ते झाऱ्यात आले की नाही हे जवळूनच दिसतं. तोच तो वास, अण्णासाहेब. गोडसर, जड, घशात बसणारा. तो कपड्यांत मुरायचा, केसांत मुरायचा. धोब्याकडून आलेल्या सदऱ्यालाही यायचा. माझ्या कपड्यांनाही यायचा. पण माझा कोट दिवाळीला खुंटीवर कुणी हुंगून पाहिला नाही.

दुपारनंतर डोकं जड व्हायचं. महतोला उलट्या व्हायच्या, तो म्हणायचा सत्तू बाधला. मी एकदा दार उघडं टाकलं.

"काहून बे, दार काहून उघडलं?"

"सर, डोकं फिरून राहिलं."

"बाहेर जाऊन ये. दार लावून जा."

"तुम्हीपण चला."

"हे मधात सोडून? पुन्हा पहिल्यापासून करशील तू?"

"करीन."

"आणि तो साहेब म्हणेल, दार उघडं होतं. तेव्हा तू काय सांगशील?"

हे संभाषण आपल्यात एवढ्या वेळा झालं की महतोला ते पाठ झालं होतं. त्याला मराठी येत नव्हती, पण मी दाराकडे वळलो की तो तुमच्या आवाजात "काहून बे" म्हणायचा, आणि तुम्हीही हसायचात. वाफ बाहेर ओढून घेणारा पंखा तुम्ही कचेरीकडे मागितलात. पुढच्या वर्षी बघू, असं सांगण्यात आलं. पुढच्या वर्षीही पुढच्याच वर्षाचं सांगण्यात आलं. त्याच काळात साहेबांच्या बंगल्यावर गारवा देणारं यंत्र बसलं. तुमचे आकडे मात्र मान्य झाले. बंद खोलीत काढलेल्या आकड्यांवर कुणाला बोट ठेवता येईना. यंत्रं सुधारावी लागली, ढिगावर येणाऱ्या बाया कमी झाल्या, आणि समारंभात हार साहेबांच्या गळ्यात पडला. तुम्ही मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होता. मला त्या टाळ्यांचा राग आला होता, अजून आहे.

पुढे तुमची भूक गेली. मग डोळे पिवळे झाले. मग पोट फुगायला लागलं आणि हातापायांच्या काड्या झाल्या. नोकरी सुटली, तुम्ही वहिनींबरोबर अकोल्याला आलात. मी रजा काढून आलो, तेव्हा तुम्हाला टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर, वागायला चांगले होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि अगदी साधेपणानं विचारलं,

"किती वर्षं घेता?"

"घेत नाही," तुम्ही म्हणालात.

"बिडकर, मी काही तुमचा सासरा नाही. यकृत खोटं बोलत नाही."

मी तोंड उघडलं. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत. प्रयोगशाळेत वजन चालू असताना कुणी बोललं तर ज्या नजरेनं बघायचात, त्या नजरेनं. आणि मी, वर्गात पहिल्या बाकावर बसणारा मुलगा, गप्प बसलो. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की आता तरी घरात बाटली येऊ देऊ नका. वहिनींनी मान डोलावली. त्या बाईनं तुमच्यासाठी एवढंही केलं, सर. नसलेली बाटली घरात येऊ देणार नाही, असं कबूल केलं.

परतताना टांग्यात मी भांडलो. "टेट्राचं का नाही सांगितलं?"

"सांगून काय, तो नवीन यकृत देणार आहे?"

"लोक दारुडा म्हणतील तुम्हाला."

"म्हणू दे. अमरावतीचे लोक काय माझे आकडे तपासून राहिले?"

"पण काहून, सर?"

तुम्हाला धाप लागली होती. थांबून थांबून बोललात. "डॉक्टर लिहून देईल. ते तिकडे पोचेल. मग साहेब म्हणेल, हा माणूस वर्षानुवर्षं विष हुंगत होता, याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, याचे आकडे काय खरे धरता? एका दिवसात सगळं बादलीत, गावंडे. आतापर्यंतचं सगळं."

मी म्हटलं, "आणि सुमन?"

तुम्ही रस्त्याकडे पाहत राहिलात. मी आणखी एक विचारलं, ते विचारायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. "आणि महतो? तो अजून त्याच खोलीत आहे. खिडक्या तुम्ही ठोकल्या होत्या, साहेबानं नाही."

तुम्ही टांगेवाल्याला म्हणालात, "बापा, जरा हळू." दारात उतरताना माझ्या खांद्यावर भार दिलात, तेवढंच. मी दुसऱ्या दिवशी गाडीनं परत गेलो. ती आपली शेवटची भेट.

तुम्ही गप्प का राहिलात, याचा मी पुष्कळ विचार केला. आकड्यांसाठी, असं तुम्ही म्हणालात. ते खरं असेल. पण खिडक्या आपण ठोकल्या हे तोंडानं म्हणावं लागेल, ही भीतीही असेल. की टांग्यात मी ते म्हटलं म्हणून तुमचं तोंड कायमचं बंद झालं? तुम्हीच शिकवलंत की जे मोजलं नाही ते लिहू नये. म्हणून इथे काही लिहीत नाही. पण मला राग आहे, सर. ज्यांच्यासाठी हे आकडे काढलेत, त्यांच्यापैकी एकही माणूस तुमच्या तेराव्याला नव्हता. कारखान्याकडून दोन ओळींची तारसुद्धा आली नाही. आणि तुमचं नाव ज्या गावात होतं, ते नाव तुम्ही त्या आकड्यांपायी टाकून दिलंत. सुमनच्या शाळेत मुली तिला विचारतात. तुमची मुलगी म्हणून तिला स्थळ सांगून येताना पुढे काय काय विचारलं जाईल, ते मी जाणतो. हे सगळं कुठल्या बाजूच्या पारड्यात घातलं होतंत तुम्ही?

परत गेल्यावर मी जे केलं ते तुम्हाला पत्रानं कळवलं. आजारी माणसाला तसं पत्र पाठवायला नको होतं, असं माझी बायको म्हणते. तेराव्यानंतर, माणसं पांगल्यावर, वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं पत्र आलं त्या दिवशी फार दिवसांनी उठून बसले होते ते. मागे लोड लावायला लावला. सुमनची पाटी मागवली."

"पाटी कशाला?"

"तुमचे आकडे मांडले की तिच्यावर. दुपारभर करत होते काहीतरी. मी म्हटलं, पडा आता. तर म्हणाले, थांब, याची एक बेरीज चुकली आहे."

"आणि?"

"आणि काय? पाटी पुसली. म्हणाले, बाकी बरोबर आहे. मग भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवलेच नाहीत त्या दिवशी. काय लिहिलं होतं हो, भाऊजी, एवढं?"

मी त्यांना तेव्हाच सांगितलं. वासाचं, खिडक्यांचं, टांग्यातलं, सगळं. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हे अण्णांना सांगाल का?" मी अण्णासाहेबांना पंगतीत सांगून पाहिलं होतं, त्याचं काय झालं ते वर लिहिलं आहे. म्हणून छापायला देतो आहे. कॉलेजचा अंक अमरावतीत घरोघरी जातो, अण्णासाहेबांकडेही जाईल. डॉक्टरांनाही मी एक प्रत नेऊन देणार आहे.

पत्राची नक्कल मी ठेवली होती. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल ठेवायची सवय तुमचीच. आकड्यांचा तक्ता इथे गाळतो, वाचणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. बाकी जसं पाठवलं तसं आहे.

ती. सरांस,

गावंडेचा साष्टांग नमस्कार. मी सुखरूप पोचलो. गाडीला गर्दी होती, पण भुसावळला गाडी बदलल्यावर बसायला मिळालं. तुमची तब्येत कशी आहे ते वहिनींना दोन ओळी लिहायला सांगावं.

टांग्यात मी जास्त बोललो. त्याबद्दल माफी मागावी असं मनात होतं, पण त्याआधी एक काम करायचं ठरवलं, ते या आठवड्यात पुरं झालं.

तुम्ही इथून जाण्याआधी ज्या कोळशाची शेवटची चाचणी केली होती, त्याचा राखून ठेवलेला अर्धा नमुना कपाटात होता. तो मी काढला. सुताराला बोलावून खिडक्यांचे खिळे उपटले. दोन्ही खिडक्या आणि दार सताड उघडं ठेवून, पंखा चालू ठेवून, तीच चाचणी तुमच्याच पद्धतीनं पहिल्यापासून केली. फरक एवढाच केला की दर थोड्या वेळानं तरंगमापी बुडवून द्रव तपासत गेलो आणि सरकला असेल तिथे जे उडालं ते थोडं घालून पुन्हा जागेवर आणला. वेळ जास्त लागला. द्रव थोडा जास्त खर्च झाला. वारा चांगला सुटला होता, त्या दिवशीही केली.

तुमचे आकडे आणि माझे आकडे शेजारी शेजारी लिहून सोबत पाठवत आहे. ते सारखेच आहेत, सर. जो फरक आहे तो एकाच माणसानं दोनदा वजन केलं तरी पडतो तेवढाच आहे. तुमचे आकडे बरोबर होते ते खिडकी बंद होती म्हणून नव्हे. ते तुम्ही काढले म्हणून बरोबर होते. खिडकी उघडी असती तरी ते बरोबरच आले असते.

हे कळवताना मला आनंद होत नाही. पण साहेब काही म्हणाले तर आता त्यांच्यापुढे ठेवायला हा तक्ता आहे. तुमच्या आकड्यांना कुणी हात लावू शकणार नाही, याची हमी मी घेतो. म्हणून डॉक्टरांना टेट्राचं सांगायला आता हरकत राहिलेली नाही. कृपा करून सांगावं.

महतोला मी व्हरांड्यात बसवलं आहे. त्याला दवाखान्यात दाखवलं, डोळे थोडे पिवळे आहेत, पण डॉक्टर म्हणाले की आता वाफेपासून लांब ठेवा, सुधारेल. तो तुमची आठवण काढतो.

तुमच्या पद्धतीत मी एवढाच बदल केला आहे. त्यात कुठे चुकलो असेन तर कळवावं.

तुमचा,
गावंडे